उत्पन्नमर्यादा कशी वाचावी : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील कुटुंबांसाठी

कल्याणकारी योजनांच्या नियमांत एकवीस हजार रुपये हा आकडा दोन ठिकाणी आढळतो. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे कामगार ज्याला ‘ईएसआय’ म्हणतात त्या योजनेत, तो एका कामगाराच्या महिन्याच्या वेतनाची कमाल मर्यादा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तोच आकडा संपूर्ण कुटुंबाच्या वर्षभराच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. पहिल्या अर्थाने भोसरीतल्या किंवा चाकणच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारांचा फार मोठा भाग मर्यादेच्या आत बसतो, तर दुसऱ्या अर्थाने महिन्याला १,७५० रुपयांपेक्षा अधिक मिळवणारे कोणतेही कुटुंब बाहेर पडते. मर्यादेचा आकडा वाचताना तो कोणाचा, किती काळाचा, कोणत्या हद्दीतला आणि कोणत्या कागदाने सिद्ध करायचा, हे चार प्रश्न आधी सोडवले नाहीत तर तो आकडा जवळजवळ निरर्थक ठरतो. या पट्ट्यात नाकारले जाणारे अनेक अर्ज गरिबी कमी असल्यामुळे नव्हे, तर याच चार प्रश्नांपैकी एखाद्याचे उत्तर चुकल्यामुळे नाकारले जातात.

दारिद्र्यरेषा आणि पात्रतेची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. दारिद्र्यरेषा हे मोजमापाचे साधन आहे. त्याचा एक महत्त्वाचा पाया पुण्यातच घातला गेला: गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणशी दररोज २,२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर परवडतो, ती पातळी रेषा मानली. पुढे सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांचा एकमेव आधार सोडून शिक्षण आणि आरोग्यावरील खर्चही हिशेबात घेतला आणि त्या पद्धतीने २०११-१२ साठी महाराष्ट्रात माणशी दरमहा ग्रामीण भागात ९६७ व शहरी भागात १,१२६ रुपये अशी रेषा आली. २०१४ साली सी. रंगराजन समितीने ती वर नेण्याची शिफारस केली, परंतु केंद्राने ती अधिकृतपणे स्वीकारली नाही. या रेषांवरून राज्यात किती टक्के लोक गरीब आहेत हे सांगता येते. अमुक एका कुटुंबाला धान्य मिळावे की नाही हे त्यांवरून ठरत नाही. ते ठरते प्रत्येक योजनेच्या शासन निर्णयात लिहिलेल्या स्वतंत्र मर्यादेवरून, आणि एकदा लिहिलेली ती मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढत नाही.

अन्नसुरक्षेचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. त्याखालील ‘प्राधान्य कुटुंब’ ठरवण्यासाठी राज्याने वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये ठेवली. पाच माणसांचे कुटुंब धरल्यास तेंडुलकरांच्या रेषेचा वार्षिक हिशेब ग्रामीण भागात ५८,०२० आणि शहरी भागात ६७,५६० रुपये होतो. म्हणजे धान्याच्या पात्रतेची मर्यादा खुद्द दारिद्र्यरेषेच्याही खाली आहे. त्याच वेळी कायद्यात राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोकांना धान्य देण्याची तरतूद आहे, तर तेंडुलकर पद्धतीने राज्यातील गरिबांचे प्रमाण २०११-१२ मध्ये सुमारे १७ टक्केच होते. मर्यादा रेषेखाली असताना लाभार्थी रेषेच्या कितीतरी वरपर्यंत पसरलेले असावेत, ही विसंगती एका गोष्टीने उलगडते: प्रत्यक्ष निर्णय उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा इष्टांक करतो. इष्टांक म्हणजे राज्याला, जिल्ह्याला आणि पुढे परिमंडळाला किती लाभार्थी समाविष्ट करता येतील याची ठरवून दिलेली कमाल संख्या. ती २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. त्या वर्षी पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे सव्वासतरा लाख आणि चाकणची सुमारे ४१ हजार होती. नंतर या पट्ट्यात किती माणसे आली हे मोशी, चिखली, रावेत किंवा मेदनकरवाडीच्या रस्त्यांवर उभे राहिले तरी कळते, पण इष्टांकाला ते कळत नाही. म्हणून उत्पन्न बसत असूनही ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. अशा वेळी अर्ज परत न घेता त्याची पोच आणि अर्ज क्रमांक घेऊन ठेवावा, कारण मयत, स्थलांतरित किंवा अपात्र नावे वगळली गेली की जागा मोकळी होते आणि ती प्रलंबित अर्जांतूनच भरली जाते.

अमेरिकेत १९६३ च्या सुमारास मॉली ओर्शान्स्की यांनी आहारखर्चाच्या तिप्पट या सूत्रावर उभी केलेली दारिद्र्यरेषा आजही वापरात आहे आणि तिच्यावरही टीका होते. परंतु ती दरवर्षी किंमतवाढीनुसार सुधारली जाते आणि निरनिराळ्या योजना तिच्या ठरावीक टक्क्यांत आपली मर्यादा सांगतात. महाराष्ट्रात अनेक योजनांचा आकडा वर्षानुवर्षे गोठलेला असल्याने अर्जदाराला तो आकडा कोणत्या काळातला आहे याचाही अंदाज ठेवावा लागतो.

हा काळाचा मुद्दा शिधापत्रिकेच्या रंगांत सर्वाधिक दिसतो. १ मे १९९९ पासून राज्यात तिरंगी शिधापत्रिकांची पद्धत आली. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास पिवळी, त्याहून अधिक पण एक लाखापर्यंत असल्यास केशरी, आणि एक लाख किंवा त्याहून अधिक असल्यास शुभ्र, अशी विभागणी होती. पिवळ्या पत्रिकेसाठी याखेरीज कुटुंबातील कोणी व्यवसायकर, विक्रीकर किंवा आयकर भरणारा नसावा, घरी दूरध्वनी नसावा, चारचाकी वाहन नसावे अशा अटी होत्या. यांतील व्यवसायकराची अट कारखान्यातील कामगारासाठी निर्णायक आहे. पुरुष कामगाराचे वेतन दरमहा साडेसात हजारांच्या वर गेले की वेतनचिठ्ठीत ‘पी.टी.’ या नावाने कपात होते, आणि आज किमान वेतनावर काम करणारा मदतनीसही त्या रकमेच्या पुढे असतो. ती एक कपात पिवळ्या पत्रिकेचा मार्ग बंद करते. किमान वेतन दरमहा दहा हजारांच्या वर गेलेले असताना एक लाखाची केशरी मर्यादा, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये, एकट्या कमावत्याच्या कुटुंबाकडूनही ओलांडली जाते. नियमाचे अक्षर पाळले तर या पट्ट्यातील बहुतेक कामगार कुटुंबे शुभ्र पत्रिकेची ठरतील. मर्यादा वास्तवापासून इतकी दूर राहिली की प्रामाणिक माणसाला दोनच पर्याय उरतात, लाभ सोडणे किंवा उत्पन्न कमी सांगणे, आणि हा दोष माणसाचा कमी व नियमाचा अधिक आहे.

तरीही व्यवहारात दोन बाबी तपासाव्यात. केशरी पत्रिका असणे आणि धान्याला पात्र असणे हे एकच नव्हे: ज्या केशरी पत्रिकेवर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे किंवा ऑनलाइन नोंदीत तसा प्रकार दाखवला आहे, तिलाच माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, अतिगरीब कुटुंबांच्या अंत्योदय पत्रिकेवर कुटुंबाला ३५ किलो मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. दुसरे, शिक्का असूनही एखाद्या सदस्याचे आधार जोडलेले नसेल किंवा ई-केवायसी झालेली नसेल, तर त्याचा वाटा थांबू शकतो. दुकानातील ई-पॉस यंत्रावर बोटाचा ठसा देऊन ही पडताळणी करता येते.

हद्दीचा प्रश्न चाकण पट्ट्यात विशेष गुंतागुंतीचा आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि चाकण नगरपरिषद शहरी भागात मोडतात, परंतु औद्योगिक क्षेत्रातील म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी यांसारखी गावे ग्रामपंचायतींची आहेत. कारखाना तोच, पाळी तीच, खोलीचे भाडेही फारसे वेगळे नाही. पण रस्त्याच्या एका बाजूला ५९,००० ची आणि दुसऱ्या बाजूला ४४,००० ची मर्यादा लागू होते. हद्दीनुसार दाखला देणारे कार्यालयही बदलते. चाकण व भोवतालच्या गावांसाठी राजगुरुनगर येथील खेड तहसील, तळेगाव दाभाडे परिसरासाठी वडगाव येथील मावळ तहसील, तर महापालिका हद्दीसाठी अपर तहसील कार्यालय आणि अन्नधान्य वितरणाची परिमंडळ कार्यालये आहेत. अर्जावर पत्ता लिहिताना पोस्टाचे नाव ‘चाकण’ असले तरी ग्रामपंचायत कोणती ते घरमालकाच्या घरपट्टीच्या पावतीवरून पाहून लिहावे.

मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेच उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेल्या कुटुंबांनी नवी पत्रिका काढण्याची घाई करू नये. ‘एक देश एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेत गावाकडच्या पत्रिकेवर येथील कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येते, आणि कामगाराने आपल्या वाट्याचे येथे उचलून उरलेले कुटुंबाने गावी उचलणेही शक्य आहे. गावचे नाव कमी करून येथे नवी पत्रिका मागितली, तर जुना लाभ जातो आणि नवा लाभ इष्टांकाच्या रांगेत अडकतो. म्हणून मुक्काम कायमचा ठरेपर्यंत जुनी पत्रिका टिकवणे शहाणपणाचे ठरते. दुकानदार बाहेरची पत्रिका नाकारत असल्यास १९६७ किंवा १४४४५ या क्रमांकांवर तक्रार करता येते.

आता कामगार विम्याकडे वळता येईल, कारण या पट्ट्यात गरिबीच्या मर्यादेपेक्षा वेतनाची मर्यादा अधिक घरांना उपयोगी पडते. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे आणि दिव्यांग कामगारांसाठी २५,००० रुपये आहे. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी भरली जाते. त्या बदल्यात कामगाराला व कुटुंबाला उपचार, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भरपाई, प्रसूतीलाभ आणि कामावरील अपघाताची भरपाई मिळते. चिंचवडच्या मोहननगरातील कामगार विमा रुग्णालय हे या योजनेचेच आहे. हे दान नाही. वर्गणी भरून मिळवलेला हक्क असल्याने तेथे दारिद्र्य सिद्ध करावे लागत नाही, एवढे समजले तरी पुष्कळ संकोच दूर होतो.

या मर्यादेत तीन बारकावे आहेत. हातात पडणारी रक्कम नव्हे, तर कपातीपूर्वीचे वेतन मोजले जाते. त्यामुळे बँकेत १९ हजार जमा होत असले तरी कामगार मर्यादेबाहेर असू शकतो. मर्यादा तपासताना ओव्हरटाइमची रक्कम धरली जात नाही, म्हणून दिवाळीच्या आधीच्या महिन्यांत जादा काम करून कमाई २४ हजारांवर गेली तरी विमा तुटत नाही. तिसरा बारकावा वर्गणीकालाचा आहे: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन वर्गणीकाल असतात, आणि मधल्याच महिन्यात वेतनवाढ होऊन मर्यादा ओलांडली गेली तरी तो काल संपेपर्यंत कामगार विमाधारकच राहतो. त्या कालातील वर्गणीवर पुढचा लाभकाल मिळत असल्याने एखादी मोठी शस्त्रक्रिया आधीच ठरली असल्यास या तारखा पाहून ती करणे हिताचे असते. नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्याने वेतनात काय धरायचे याची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे जुन्या चिठ्ठीवरून अंदाज न बांधता मनुष्यबळ विभागाकडे विचारणा करावी. प्रशिक्षणार्थी कायद्याखालील शिकाऊ उमेदवार या विम्यात येत नाहीत. ओळखपत्र कारखान्याचे आणि काम इतरांसारखेच असले तरी चिठ्ठीत ईएसआयची कपात आहे का, हे पाहणे एवढाच खात्रीचा मार्ग आहे.

महिन्याच्या २१,००० ची वार्षिक रक्कम २,५२,००० होते, आणि येथे दुसरी मर्यादा अगदी खेटून उभी आहे. जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या महिलांना दरमहा १,५०० रुपये देताना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, म्हणजे महिन्याला २०,८३३ रुपये, ठेवली आहे. ईएसआयमध्ये एकट्या कामगाराचे वेतन मोजतात, येथे कुटुंबाचे. त्यामुळे पती कारखान्यात १४ हजारांवर आणि पत्नी पॅकिंगच्या कामावर ११ हजारांवर असेल, तर दोघेही विम्याला पात्र असतात पण ती या योजनेला पात्र नसते. योजनेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. सासू-सासरे एकाच पत्रिकेवर असले तरी हिशेबाचे कुटुंब वेगळे असते. पिवळी किंवा केशरी पत्रिका असल्यास उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. एक लाखाच्या आतले उत्पन्न सांगणारी पत्रिका अडीच लाखांच्या मर्यादेचा पुरावा मानली जाते हे तर्काला धरून आहे, पण ती पत्रिका काढल्यापासून वीस वर्षांत घरात दोन पगार सुरू झाले असतील तर पत्रिका गप्प राहते आणि पडताळणी बोलते. आयकर व परिवहन विभागाच्या नोंदींशी जुळवणी होत असल्याने कुटुंबाकडे चारचाकी नसावी ही अटही महत्त्वाची आहे. या योजनेत ट्रॅक्टरला सूट आहे, मालवाहू टेम्पोला नाही. चाकणच्या कंपन्यांत ‘छोटा हत्ती’ लावून हप्ते फेडणाऱ्या कुटुंबाला हे वाहन चैनीचे नसून पोटाचे आहे असे वाटणे स्वाभाविक असले, तरी नियम तो फरक करत नाही. निराधार योजनेतून १,५०० रुपये घेणाऱ्या महिलेला दोन्ही लाभ एकत्र मिळत नाहीत.

उपचाराच्या बाबतीत मात्र मर्यादांची भिंत बरीच खाली आली आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना पूर्वी पिवळ्या व केशरी पत्रिकेपुरती होती. जुलै २०२४ पासून ती आयुष्मान भारत योजनेसह राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू झाली, त्यामुळे शुभ्र पत्रिकाही आता निरुपयोगी राहिलेली नाही. या योजनेत न बसणाऱ्या आजारासाठी किंवा खर्चासाठी धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांचा मार्ग आहे. सार्वजनिक न्यासाने चालवलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखून ठेवणे बंधनकारक आहे. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत, आणि दुर्बल म्हणजे ३,६०,००० रुपयांपर्यंत. दुसरी मर्यादा महिन्याला ३० हजार भरत असल्याने अनेक कायम कामगारही तिच्यात बसतात, पण आपण ‘गरीब’ नाही या समजुतीने ते विचारतच नाहीत. दाखल होतानाच रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी. बिल झाल्यावर केलेली धावपळ फार वेळा वाया जाते.

इतर योजनांच्या मर्यादाही अशाच वेगवेगळ्या आहेत. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के जागांसाठी आर्थिक दुर्बल गटाला एक लाखाची मर्यादा आहे, मात्र वंचित गटातील जातीप्रवर्गांना उत्पन्नाची अट नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटक म्हणजे तीन लाखांपर्यंतचे कुटुंब. चऱ्होली व बोऱ्हाडेवाडी येथील महापालिकेच्या सदनिका याच योजनेतल्या आहेत. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणीसाठी उत्पन्नमर्यादाच नसून वर्षात ९० दिवसांच्या कामाची अट आहे. इतर मागासवर्गाच्या उन्नत गटात न मोडल्याचे प्रमाणपत्र आणि आर्थिक दुर्बल घटकांचे प्रमाणपत्र या दोन्हींत आठ लाखांचा आकडा आहे, पण पहिल्यात वेतनाचे व शेतीचे उत्पन्न धरत नाहीत आणि दुसऱ्यात सर्व स्रोत धरतात, म्हणून एका प्रमाणपत्राचा हिशेब दुसऱ्याला लावू नये.

या सर्व वाटा अखेर उत्पन्नाच्या दाखल्यापाशी येतात. तो तहसीलदार देतात. अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रातून होतो, आणि सेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली त्याला ठरावीक मुदत असून ती उलटल्यास पहिले व दुसरे अपील करता येते. नोकरदाराने वेतनचिठ्ठ्या किंवा फॉर्म १६ जोडावा. शेती असल्यास सात-बारा लागतो, आणि गावी नावावर असलेली चार गुंठे जमीनही लपवू नये, कारण ती नोंद ऑनलाइन दिसते. एका कार्यालयात ९० हजार आणि दुसऱ्यात सव्वादोन लाख असे दोन आकडे गेल्यास पुढच्या प्रत्येक पडताळणीत दोन्ही संशयास्पद ठरतात. युनियनच्या कारखान्यात त्रैवार्षिक करार लांबला की मागील महिन्यांचा फरक एकाच आर्थिक वर्षात हातात पडतो आणि त्या वर्षाचे उत्पन्न मर्यादेपलीकडे दिसते. अशा वेळी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला मागावा आणि फरकाची रक्कम कोणत्या कालावधीची आहे याचे कंपनीचे पत्र सोबत ठेवावे. दाखल्यावर लिहिलेली वैधतेची तारीख बहुधा ३१ मार्च असते, त्यामुळे शाळाप्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी नवा दाखला एप्रिलमध्ये, सेतू केंद्रांवर जूनची गर्दी उसळण्यापूर्वी, काढून ठेवावा.